साक्रीला गेलेलं लॉक

अक्काचं कपाट आवरताना दोन डबे निघाले. एकात मागच्या उन्हाळ्यातले ज्वारीचे बिबडे होते आणि दुसऱ्यात फ्लॉप्या. बिबडे तळले तर अजून छान फुलले. फ्लॉप्यांसाठी मी जळगावात हिंडून भंगारातलं एक यंत्र मिळवलं, दुरुस्त करून घेतलं आणि एकेक फ्लॉपी आत घातली. फायलींची नावं दिसली. 'आई – १', 'आई – २', 'पापडाचे दिवस', अशी. उघडायला गेलो तर त्या उघडण्यासाठी लागणारा प्रोग्रॅम तुमच्याकडे नाही, असं पडद्यावर आलं. तो आता कुणाकडेच नाही. विकणारी कंपनी बुडाली, की दुसऱ्या कुणी तिला गिळलं, मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. बहिणीने मन लावून लिहिलेली पानं माझ्या हातात आहेत आणि ती मला वाचता येत नाहीत. अक्का गेल्यापासून मी रोज थोडं थोडं लिहितो आहे; लिहितो तेही कागदावर, शाईने. कारण काय ते पुढे येईलच.

आमचं घर म्हणजे पुढे प्रेस, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एक पडदा. धुळ्यात, पांझरा नदीच्या अलीकडच्या एका गल्लीत. वडील, म्हणजे नाना, ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, चालवायचे, अक्का अक्षरांचे खिळे जुळवायची आणि आई पडद्यामागे भाकरी थापायची. शिशाचे खिळे, शाई, रॉकेल आणि मिरचीची फोडणी असा एकच वास आमच्या कपड्यांना यायचा. वर्गातली मुलं तो ओळखायची. ट्रेडलच्या आवाजावरून आईला पुढे कसलं काम चाललंय ते कळे. लग्नपत्रिकेचा जाड कागद धप्प वाजतो, पावतीपुस्तकाचा फडफडतो. आवाज मध्येच थांबला की ती विचारी, "बोट सापडलं का?" आणि नाना उत्तर म्हणून पुन्हा पायडल मारत. अक्का माझ्याहून बरीच मोठी. मॅट्रिक झाल्यावर तिने स्टिक हातात घेतली, म्हणजे खिळे एका ओळीत लावायची ती लोखंडी पट्टी, आणि पुढची वीसेक वर्षं खाली ठेवली नाही. पेटीच्या खणांकडे न बघता तिचा हात बरोबर अक्षरावर जाई. तिच्या शेजारी बसून मी वाचायला शिकलो, तेही उलटं, कारण खिळे उलटे असतात. शाळेत गेल्यावर सुलटी अक्षरं पाहून मला ती चुकीची वाटली होती.

कुठल्याच छोट्या प्रेसकडे खिळे पुरेसे नसत. चार पानं लावली की कुठलं तरी अक्षर संपायचंच. मग शेजारच्या प्रेसमधून आणायचे. मोजत कुणी बसत नसे. वजन करून न्यायचे, काम झालं की रॉकेलने धुऊन, पुसून, वजनाने परत करायचे. काय छापणार हे विचारायचं नाही. साक्रीला आबा पाटील म्हणून होते, शेती सांभाळून त्यांचं छोटं प्रेस होतं. त्यांचे आणि आमचे खिळे एसटीने जात-येत. अक्का रद्दीच्या कागदात पुडकं बांधायची, वर दोरा, आणि साक्रीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. एकदा आमच्याच खिळ्यांनी आबांनी आमचंच एक गिऱ्हाईक तोडलं. अक्काने पुढच्या पुडक्यात चिठ्ठी घातली की खिळे दमले आहेत, त्यांना दुपारी विश्रांती द्यावी. आबांनी उलट पुडक्यात शेंगा घालून पाठवल्या. एवढ्यावर ते मिटलं. खिळा कुणाचा हा प्रश्न आमच्या धंद्यात नव्हता; खिळा कुठे आहे, एवढाच असे.

मी कॉलेजला जळगावला गेलो आणि सगळे घालायचे म्हणून कॉम्प्युटरच्या क्लासलाही नाव घातलं. त्या क्लासबद्दल मला आजही नीट आदराने लिहिता येत नाही. चपला बाहेर काढायच्या. आत गारवा, खिडक्यांना जाड पडदे, दर मशीनवर शिवलेलं आच्छादन आणि कोपऱ्यात उदबत्ती. नाना एकदा मला भेटायला आले आणि सोबत, कामानिमित्त, आबाही. दारातच चपलांची रांग बघून आबा म्हणाले, "हाऊ काय देव शे का?" आमच्या सरांना अहिराणी समजत नव्हती, किंवा समजून न घेण्यातच त्यांची प्रतिष्ठा होती. सर सांगत की धुळीबरोबर व्हायरस आत येतो. सरांचा एकूण एक प्रोग्रॅम चोरून कॉपी केलेला होता आणि दर तासाला ते कॉपी करणं कसं पाप आहे ते सांगत. 'ओरिजिनल' हा शब्द ते असा उच्चारत की जणू तोंडात पेढा आहे. प्रोग्रॅमच्या आत काय असतं, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "ते आपल्याला कशाला लागतं? आपण फक्त बटन दाबायचं." मी प्रेसमध्ये वाढलेला मुलगा. आत काय असतं हे न बघता हात चालवणारा माणूस आमच्याकडे झाडलोटीलाही ठेवला नसता.

क्लासमध्ये वामन नावाचा एक जण होता, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला. अबोल, माझं जमलं ते त्याच्याशीच. त्याला कुठल्याशा मासिकाबरोबर एक चकती मिळाली होती. तिच्यातलं सगळं फुकट होतं आणि त्याहून नवल म्हणजे प्रोग्रॅम कसा लिहिला तेही त्यात होतं, ओळ न् ओळ. रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर बसून आम्ही त्याची छापलेली पानं वाचली. मला त्यातलं फार थोडं कळलं. पण एका जागी लिहिणाऱ्याने कंसात लिहिलं होतं की पुढचा भाग मी घाईत केला आहे, ओबडधोबड आहे, कुणाला जमलं तर नीट करा. ते वाचून मला पहिल्यांदा कॉम्प्युटर माणसांनी केलेला वाटला. उघडी पेटी, खणात खिळे, आणि मालक म्हणतोय की घ्या, लावा, चूक असेल तर सांगा. खोटं कशाला सांगू, त्या फुकटच्या सामानाने आम्हाला मशीनवर काही म्हणजे काही करता आलं नाही. काळा पडदा आणि एक मिचमिचणारी रेघ. मराठीचा एक 'क' त्यातून निघत नव्हता. अशा फुकट, उघड्या प्रोग्रॅमच्या भक्तांनी तेव्हाही ही गोष्ट मोठ्याने सांगितली नाही आणि आजही सांगत नाहीत. मागे पुण्यात त्यांच्या एका सभेला मी गेलो होतो. प्रोग्रॅमच्या स्वातंत्र्यावर भाषणं झाली. भिंतीवर पडणारी चित्रं सगळी विकतच्या, बंद प्रोग्रॅममध्ये केलेली. मी चहा घेऊन परत आलो.

त्याच सुमारास नानांच्या डोळ्यांनी बारीक खिळे दिसेनासे झाले आणि नेमका तेव्हा आमच्या गल्लीत एक साहेब यायला लागला. त्याच्या कार्डावर रिजनल असं काही लिहिलं होतं म्हणून आई त्याला रिजनल साहेब म्हणायची, आणि मीही तेच म्हणतो. खरं नाव लिहून त्याला कशाला मोठं करू. अंगाला अत्तर, बगलेत चामड्याची बॅग. मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम तो विकायचा. मराठी अक्षरं, जी आमच्या घरात लाकडी पेट्यांतून पोत्यांनी पडली होती. त्याची एक ठरलेली वाक्यमाला होती. शिसं विषारी आहे, खिळे झिजतात, अक्षर आता झिजणार नाही, संपणार नाही. शेवटची गोष्ट खरी होती आणि नाना तिथेच भुलले. अक्काला मशीनचं कुतूहल होतं. तिने विरोध केला नाही. शिशाला गिऱ्हाईक लगेच मिळालं. भंगारवाला आला, पेट्या उलट्या करून त्याने सगळी अक्षरं एका गोणीत ओतली. तो आवाज मी ऐकला आहे. आई भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली आणि भाकरी करपेपर्यंत उभी राहिली. मोठ्या ठळक खिळ्यांचा एक खोका सोनगीरच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या पोस्टरसाठी आबांकडे गेलेला होता. त्या गडबडीत त्याची आठवण कुणालाच झाली नाही. ट्रेडलला मात्र कुणी घेणारा भेटला नाही. त्याच्यावर चादर टाकून आई धुतलेले कपडे ठेवू लागली.

मशीनबरोबर एक लॉक आलं. काडेपेटीपेक्षा छोटं, पांढुरकं, मशीनच्या पाठीत खोचायचं. ते असेल तरच प्रोग्रॅम चालणार, काढलं की पडद्यावर मराठी बंद. साहेबाने अक्काला कराराचा कागद दिला आणि सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं. त्या कागदावर काय होतं ते आमच्यापैकी कुणी वाचलं नाही, इंग्रजीत होतं आणि फार बारीक होतं. वाचलं असतं तरी समजलं नसतं, असं साहेब स्वतःच कौतुकाने म्हणाला. अक्का मशीन लवकर शिकली. तिला ते आवडलंही, हे कबूल केलं पाहिजे. खिळे संपत नाहीत याचं तिला लहान मुलीसारखं अप्रूप वाटे. काम नसलं की ती आईला शेजारी बसवून जुन्या गोष्टी विचारायची आणि टाईप करायची. घर मात्र मुकं झालं. ट्रेडलच्या जागी एक घोंघावणं आलं, वीज गेली की टीं टीं करणारा डबा आला. आता काय छापतंय ते आईला आवाजावरून कळेना. ती पडदा सारून विचारायची, "चाललंय का?"

त्या वर्षी आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका अक्काकडे आली. धुळे-जळगावच्या खेड्यापाड्यांतून फॉर्म आले होते, पोतं भरून. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, शिक्षण, उंची, नोकरी, अपेक्षा. कितीतरी बायका स्वतः घरी येऊन गेल्या. मुलीचं नाव नीट छापा, मागच्या वेळी दुसरीकडे चुकलं होतं आणि तिचं वर्ष वाया गेलं, असं सांगायच्या. अक्का लग्न न केलेली बाई; तिच्याकडे ही पुस्तिका दिल्याबद्दल बुद्धविहारात कुजबुज झाली होती. एकाने तिच्या तोंडावर म्हटलं होतं की जिने स्वतःचं नाव कधी दिलं नाही ती लोकांची नावं काय जपणार. पण पुस्तिका बिनचूक आणि वेळेवर निघावी यावर तिने सगळं पणाला लावलं होतं, हे घरात सर्वांना कळत होतं. मेळाव्याला आठवडा होता आणि सगळा मजकूर मशीनमध्ये गेला होता. प्रिंट काढायचं तेवढं राहिलं होतं.

मध्यंतरी झालं होतं ते असं. साहेबाने आबांनाही तोच प्रोग्रॅम विकला होता. साक्रीची वीज अशी की दिवा कधी पेटतो कधी भडकतो; त्यात आबांचं लॉक जळालं. साहेब म्हणाला थांबा, बघू. आबांकडे एक तातडीचं काम अडलं. त्यांनी अक्काला फोन केला आणि अक्काने जे आयुष्यभर केलं होतं तेच केलं. लॉक काढलं, रद्दीच्या कागदात बांधलं, वर दोरा, आणि साक्रीच्या गाडीला दिलं. संध्याकाळच्या गाडीने ते परत आलं, सोबत शेंगा. अक्काला यात काही विशेष वाटलं नाही, आबांना नाही, कंडक्टरलाही नाही. आमच्या दोन्ही प्रेसमध्ये अक्षरं अशीच हिंडत आली होती.

मग साहेब आबांचं जळकं लॉक बघायला साक्रीला गेला. लॉक जळालेलं असताना काम छापलेलं पाहून त्याने विचारलं, हे कसं केलं? आबांनी अभिमानाने सांगितलं की आमची अक्का आहे ना धुळ्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आमच्याकडे आला. मी सुट्टीला घरी होतो. जेवणाची वेळ होती म्हणून आईने त्याला बसवलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. तिखट लागतं म्हणत तो दोनदा भरीत वाढून घेऊन जेवला, हात धुतले, रुमालाने एकेक बोट पुसलं आणि मग कामाचं बोलला. लॉक दुसऱ्याला देणं म्हणजे करार मोडणं. कंपनी हे चोरी समजते. कुणी चोरलं, अक्काने विचारलं, माझी वस्तू मी दिली, ती परत आली. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाला की वस्तू तुमची नाहीच, तुम्हाला फक्त वापरायला दिली आहे. एवढं बोलून तो उठला, मशीनच्या मागे वाकला, लॉक उपसलं आणि बॅगेत टाकलं. वरच्या ऑफिसला विचारून महिनाभरात कळवतो, म्हणाला. नाना खुर्चीचा हात धरून उभे राहिले. मी साहेबाच्या बॅगेकडे बघत होतो. ती ओढून घ्यावी असं वाटलं, आणि आमच्या घरात तसं कुणी कधी केलेलं नव्हतं.

अक्का शांतपणे म्हणाली, "रविवारी मेळावा आहे. आमच्या मुलींची नावं आत आहेत."

"मजकूर तुमचाच आहे हो, अक्का," साहेब म्हणाला. "मजकुरावर कंपनी हक्क सांगत नाही. फक्त उघडायचा हक्क कंपनीचा."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ गोड शब्दांत ऐकलं. जळगावच्या ज्या ग्रंथालयात मी नोकरी केली तिथे यादीचा प्रोग्रॅम तीनदा बदलला, आणि दरवेळी जुन्या प्रोग्रॅमने आपल्या पोटातली यादी नव्याला द्यायला नकार दिला. दरवेळी आम्ही लाकडी खणांतली जुनी कार्डं काढून पहिल्यापासून टाईप केलं. आता तर लोक महिन्याच्या महिन्याला भाडं भरून स्वतःचीच पत्रं वाचतात आणि त्याला सोय म्हणतात. यांतल्या कुठल्याही धन्याला साहेबापेक्षा वेगळं काही सुचलेलं नाही. साहेब निदान समोर बसून जेवला तरी होता.

तो गेल्यावर आईने त्याचं ताट उचललं आणि एवढंच म्हणाली, "खाऊन उठला आणि घेऊन गेला." मी मशीनपुढे बसलो. वामनच्या त्या फुकट सामानातलं एक छोटं साधन माझ्याकडे फ्लॉपीवर होतं. फाईल आतून जशी असेल तशी दाखवायचं. मला वाटलं होतं की कुठल्या खुणेला कुठलं अक्षर हे एकदा लक्षात आलं की पुढे जमेल, उलटं वाचायची सवय होतीच. पण खुणा मुद्दाम विस्कटलेल्या होत्या. एकच नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिसे. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की हे आपोआप झालेलं नाही. आम्ही लिहिलेलं आमच्यापासून लपवायला कुणीतरी हुशार माणूस पगार घेऊन बसला होता, आणि संध्याकाळी आपण चांगलं काम केलं अशा समाधानाने घरी गेला होता. इतक्या वर्षांत माझा राग साहेबावरचा ओसरला. या माणसावरचा नाही. तो शिकलेला होता.

अक्काने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला उठवलं. पोत्यातले फॉर्म तिने जमिनीवर मांडायला घेतले आणि नानांना ट्रेडलवरचे कपडे काढायला सांगितले. मग आबांना फोन केला. फोनवर ती साहेबाबद्दल एक अक्षर बोलली नाही, फक्त खिळे हवेत म्हणाली. आबांनी किती हवेत ते विचारलं. सगळे, असं तिने सांगितलं.

आबांनी मशीन घेतलं होतं, पण शिसं विकलं नव्हतं. भंगारवाला साक्रीपर्यंत पोचला नव्हता, एवढंच त्याचं कारण. सकाळच्या पहिल्या गाडीने ते आले. एसटीच्या मागच्या बाकांवर पेट्या रचलेल्या, ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघेही त्या उतरवू लागले. आबांच्या पैरणीवर शाई, हातात तो ठळक खिळ्यांचा खोका. ओट्यावर बसून ते पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, "मीच बोलनू त्याले."

"तुम्ही खरं बोललात, आबा," अक्का म्हणाली. "आता पेट्या लावा. आणि करार करायचा का, ते सांगा. वजन करू?"

आबा पहिल्यांदा हसले. "खिळा देवाले करार कसाले लागस?"

मग आमच्या घरात पुन्हा तो आवाज सुरू झाला. आबा आणि अक्का समोरासमोर बसून जुळवत, मी प्रूफ वाचत, नाना ट्रेडलवर. आबांकडचे खिळे पुस्तिकेच्या मानाने थोडेच. चार पानं लावायची, छापायची, खिळे सोडवून धुवायचे, त्याच खिळ्यांनी पुढची चार. एकच 'सुनीता' उचलून पुढच्या पानावर दुसरीचं नाव व्हायची. मोठी पंचाईत 'क्ष'ची झाली. दर मुलीला शिक्षण आणि दर मुलाला अपेक्षा. आबांचे 'क्ष' पहिल्या पानावरच संपले. अक्काने दोन्ही शब्द काढून टाकले. शिक्षणाच्या जागी नुसतं बी.ए. किंवा दहावी, अपेक्षांच्या जागी काहीच नाही. आबा म्हणाले की बरं झालं, लोकांच्या अपेक्षा फार वाढल्या होत्या. आई मध्ये मध्ये पडद्याआडून पिठलं-भाकरी सरकवी आणि जाता जाता कान देई. आवाज थांबला की, "बोट सापडलं का?"

तरी सगळं पुरं झालं नाही. शनिवारी संध्याकाळी नानांचा पाय चालेना आणि साक्री-पिंपळनेरकडची काही पानं राहिली. मुखपृष्ठ मात्र झालं, ठळक खिळ्यांत, कुस्तीच्या पोस्टरसारखं दणदणीत. मेळाव्यात वंदना झाली, पुस्तिका वाटल्या गेल्या, आणि ज्यांचं नाव नव्हतं ते लोक अक्काभोवती जमले. तिला जो तोंडावर बोलला होता तोही त्यात होता, त्याच्या पुतणीचं नाव राहिलं होतं. अक्का स्टेजवर गेली. उरलेले फॉर्म हातात घेऊन तिने माईकवरून एकेक वाचला. नाव, गाव, शिक्षण, उंची, सावकाश, जुळवल्यासारखा. त्या पुतणीचं तिने दोनदा वाचलं. सभागृह ऐकत राहिलं. त्या वर्षी सर्वांत जास्त लग्नं वाचलेल्यांची जमली, असं आई पुढे कायम सांगायची; ते खरं असेल असं नाही.

मेळावा झाल्यावर आबा आपल्या पेट्या घेऊन गेले, त्यांच्याबरोबर तो ठळक खोकाही साक्रीला गेला. महिन्याने लॉक परत आलं, दंडाच्या पत्रासह. अक्काने ते लावलं, लोकांची अडलेली कामं काढून दिली, पुढेही बरीच वर्षं त्याच मशीनवर पोट भरलं. दुसरा मार्ग नव्हता. गिऱ्हाइकांना आता खिळ्यांचं अक्षर जुनाट वाटायला लागलं होतं. ते मशीन मेलं आणि त्याबरोबर आईच्या गोष्टी गेल्या. नवीन मशीनवर त्या उघडत नाहीत हे कळल्यावर मी पुष्कळ तणतण केली. अक्का म्हणाली की आई मला तोंडपाठ आहे, सवडीने पुन्हा लिहीन. सवड तिला मिळाली नाही. परिचय पुस्तिकेची एक प्रत मात्र माझ्यापुढे आहे. कागद पिवळा पडला आहे, ओळी वाकड्या आहेत, बोटांना अजून अक्षरांचे खळगे लागतात. ती वाचायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या विधीच्या, आदल्या दिवशी साक्रीहून फोन आला. आबा आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलतात. गाडीने पुडकं पाठवलंय, कंडक्टरकडून घे, म्हणाले. मी धुळ्याच्या स्टँडवर गेलो. रद्दीच्या कागदात बांधलेला खोका, वर दोरा. घरी येऊन सोडला तर ते ठळक खिळे होते. आमच्या प्रेसचे, भंगारात जायचे चुकलेले तेवढे. धुतलेले, पुसलेले, रॉकेलचा ताजा वास. मी ते पाटावर मांडले, खणांच्या क्रमाने, अक्का मांडायची तसे. एक 'ळ' कमी होता. मिळाले म्हणून सांगायला फोन केला आणि तेही सांगितलं, सहज, तक्रार म्हणून नव्हे.

"तो पिंपळनेरवालाले दिना शे," आबा ओरडून म्हणाले. कधी दिला, मी विचारलं. पिंपळनेरच्या त्या माणसाचं प्रेस बंद होऊन किती वर्षं झाली हे दोघांनाही ठाऊक होतं.

"येई परत," आबा म्हणाले.